सोपाऱ्याची ग्रीक साक्ष

पालघर-बोईसरहून नित्य आगगाडीने मुंबईस जाणाऱ्या आमच्या व्यापाऱ्यांस नालासोपारा स्टेशन परिचयाचे आहे. परंतु तेथील प्राचीन बंदराचे नाव इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक ग्रंथात आढळते, हे कितीकांस ठाऊक असेल? तो ग्रंथ म्हणजे ‘पेरिप्लस’. अमेरिकन पंडित लायोनेल कॅसन यांनी मूळ पाठ, भाषांतर व सविस्तर विवरण यांसह तो १९८९ साली प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ता कवी नव्हे, तत्त्वज्ञही नव्हे. मिसर देशातला एक अनामिक व्यापारी! कोणत्या बंदरी कोणता माल खपतो, हे तो रोखठोक सांगतो. सोपारा व कल्याण यांचा उल्लेख करून तो लिहितो की, सत्तांतरानंतर कल्याणचा व्यापार अडला आणि तेथे येऊन लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचेस नेली जात. तो अडवणूक करणारा राजा कोण, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. आणि ज्यास मूळ भाषा येत नाही, त्यास आपल्याच किनाऱ्याच्या या वादात परक्यांच्या शब्दावर विसंबावे लागते. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप खणून काढला. त्या कुदळीस व्याकरणाची जोड हवी. धर्मशाळा बांधणाऱ्या आमच्या धनिकांनी एका तरी होतकरू विद्यार्थ्याच्या ग्रीक अध्ययनाचा खर्च उचलावा, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.