वाटेवरचा दिवा

डिचोली तालुक्यातील मये गाव आपल्या तळ्यासाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. या गावात, आणि एकंदरच डिचोली-पेडण्याच्या भागात, पुष्कळ घरे रस्त्यापासून आत, माडापोफळींच्या सावलीत उभी आहेत. फाटकापासून ओसरीपर्यंतची वाट रात्री काळोखातून तुडवावी लागते. पावसाळ्यात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. मण्यार, घोणस यांसारखे विषारी सर्प रात्रीच हिंडतात. तेव्हा या वाटेवर दिवा हवा, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कोणता दिवा, किती दिवे आणि किती वेळ, हा.

१९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा आपल्या बहुतेक खेड्यांना विजेचे दर्शनही घडले नव्हते. त्यानंतर साठ वॅटचा पिवळा बल्ब घरोघर आला. पण तो विजेचा फार मोठा भाग उष्णतेत उधळीत असे. आता तेवढाच उजेड नऊ वॅटचा एलईडी दिवा देतो. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने घरगुती दिव्यांसाठी ‘उजाला’ योजना आणि त्याच दिवशी रस्त्यांवरील दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, आणि हा दिवा सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. ही प्रगती खचितच स्वागतार्ह आहे.

परंतु स्वस्ताईबरोबर एक नवीच हौस बोकाळू लागली आहे. पूर्वी जेथे एक दिवा होता, तेथे आता फाटकापासून ओसरीपर्यंत दिव्यांची रांग लागते, माडाच्या बुंध्यांवर झोत सोडले जातात, आणि हे सारे पहाटेपर्यंत जळत राहते. थोडा हिशेब मांडून पाहावा. साठ वॅटचा एक जुना बल्ब बारा तास जळला तर महिन्याला सुमारे २२ युनिट वीज खाई. नऊ वॅटचे दहा नवे दिवे तितकाच वेळ जळले तर ३२ युनिट लागतात. म्हणजे काटकसरीचा दिवा आणून आपण दीडपट उधळपट्टी केली! उलट, पाच वॅटचे दोनच दिवे वाटेच्या वळणावर आणि पायरीपाशी रोज चार तास लावले, तर महिन्याला सव्वा युनिटही लागत नाही. साधन काटकसरीचे झाले की त्याचा वापर वाढतो, हे विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशासंबंधी १८६५ सालीच बजावून ठेवले होते.

‘बिल आम्ही भरतो, मग कोणाचे काय जाते?’ असे कोणी म्हणेल. पण आपल्याकडची बरीचशी वीज कोरबा, विंध्याचल यांसारख्या दूरच्या औष्णिक केंद्रांतून, कोळसा जाळून येते. ती आणणाऱ्या तमनार वाहिनीसाठी मोलेच्या परिसरातील झाडे तोडण्याचा प्रश्न आला, तेव्हा २०२० साली गोमंतकीय तरुण निषेधासाठी पुढे सरसावले. अरण्यासाठी आवाज उठवणाऱ्या समाजाने आपल्या अंगणातील दिव्यांचाही विचार करणे प्राप्त आहे.

अंधारावरही कोणाचा तरी हक्क असतो. पावसाच्या तोंडावर कुळागरांत लुकलुकणारे काजवे प्रकाशाच्या खुणेनेच जोडीदार शोधतात. झगझगाटात ती खूण हरवते. पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर अंड्यातून बाहेर पडलेली कासवाची पिले उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. मागे दिवे असले तर ती उलट दिशेने भरकटतात. शेजारच्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. रात्रीचा काळोख हीही जतन करण्याजोगी संपत्ती आहे, हेच यातून सिद्ध होते.

म्हणून दिवा निवडताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नुसते वॅट न पाहता ल्युमेन पाहावेत, आणि मानक ब्युरोची खूण तपासावी. रंग निळसर पांढरा नको. २,७०० ते ३,००० केल्विनचा ऊबदार उजेड वाटेला पुरतो आणि किडेही कमी जमतात. दिवा गुडघ्याच्या उंचीवर, वरून झाकलेला आणि खाली पाहणारा असावा, कारण डोळ्यांवर येणारा झोत कडेचा काळोख अधिकच दाट करतो, आणि सर्प तर कडेलाच असतो! आपल्या मुसळधार पावसाचा विचार करता आयपी-६५ दर्जाहून कमी दिवा बाहेर लावू नये. चाहूल लागताच पेटणारा संवेदक जोडला तर उत्तमच. सौर दिवे मात्र पोफळीच्या सावलीत उपाशीच राहतात. ते मोकळ्या अंगणात लावावेत.

व्यक्तीला जे लागू, ते पंचायतींनाही लागू आहे. भर दुपारी जळणारा रस्त्यावरचा दिवा काही ठिकाणी अजूनही दिसतो. तो कितीही कमी वॅटचा असला तरी गावाचाच पैसा जाळीत असतो.

आपल्या घरच्या माउली दिवेलागणीला तुळशीपुढे पणती लावीत आल्या आहेत. ती लहान असते, वेळेवर लागते आणि जेवढे उजळायचे तेवढेच उजळते. विजेच्या दिव्याकडूनही याहून अधिक अपेक्षा कशाला?