गोळी घरी, सलाईन मुंबईत : फुफ्फुसाच्या कॅन्सरचा दुहेरी उपचार तालुक्याला झेपेल का?

धाराशिव : फुफ्फुसाचा कॅन्सर झाला म्हटलं की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बिडी-सिगारेट ओढत होता का?" पण भारतात या आजाराच्या रुग्णांत ज्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही असेही पुष्कळ आहेत आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं आहेत. खोकला धरतो, एक्स-रेवर डाग दिसतो, टीबी समजून काही महिने गोळ्या चालतात. फरक पडत नाही म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं जातं. तोवर आजार बहुतेक वेळा चौथ्या टप्प्यात गेलेला असतो.

यातल्या काही रुग्णांच्या तपासणीत एक शब्द येतो, ईजीएफआर पॉझिटिव्ह. भारतात फुफ्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा प्रकारात साधारण चारातल्या एका रुग्णात हा बदल सापडतो. ईजीएफआर हे पेशीवरचं एक बटण समजा. वाढ करायची वेळ आली की ते चालू होतं, काम झालं की बंद. जनुकात बिघाड झाला की बटण चालूच अडकतं आणि पेशी वाढतच राहतात. गेफिटिनिब नावाची गोळी नेमकं हे बटण दाबून बंद करते. रोज एक गोळी, २५० मिलिग्रॅम, घरी बसून. जेनेरिक मिळत असल्यानं बऱ्याच घरांना परवडते.

मग केमोथेरपी कशाला, हा प्रश्न नातेवाईक विचारतात आणि तो चुकीचा नाही. त्याचं उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियलनंच शोधून दिलं आहे. तिथल्या डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी ३५० रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नुसती गेफिटिनिब, दुसऱ्याला गोळी आणि सोबत पेमेट्रेक्सेड व कार्बोप्लॅटिन ही केमो. अशक्त झालेले आणि मेंदूपर्यंत आजार गेलेले रुग्णही यात घेतले होते, म्हणजे निवडून-पारखून तगडे तेवढेच घेतले असं नाही. २०१९ मध्ये निकाल आला. नुसत्या गोळीवर आजार आटोक्यात राहण्याचा काळ मध्यमान ८ महिने, दोन्ही मिळून १६ महिने. जिथं दोन-तीन महिने वाढले तरी जगभर बातमी होते, तिथं हा काळ दुप्पट झाला.

द्राक्षबागायतदाराला यामागचं कारण समजवावं लागणार नाही. डाऊनीवर एकच आंतरप्रवाही औषध सारखं मारत राहिलं की बुरशी त्याला सरावते आणि मग कितीही मारा, उपयोग शून्य. म्हणून आंतरप्रवाहीसोबत स्पर्शजन्य औषध मिसळून फवारतात. एकाच्या तडाख्यातून वाचलेली दुसऱ्यात सापडते. गाठीतही सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही गोळीला दबत नाहीत, काही नंतर नवा बदल करून निसटतात. केमो बटण बघत नाही, ती भराभर विभागणाऱ्या पेशींवर सरसकट घाव घालते. तोटाही त्यातच आहे. रक्त तयार करणाऱ्या, आतड्याच्या अस्तराच्या चांगल्या पेशीही भराभर विभागत असतात, त्यांनाही मार बसतो.

दोन औषधं एकत्र केली की फायदा होतोच, असं मात्र धरून चालू नये. हीच गोळी केमोसोबत देऊन २००४ च्या सुमारास परदेशात दोन मोठे अभ्यास झाले, प्रत्येकी हजारावर रुग्ण. फायदा काहीच दिसला नाही. कारण तेव्हा ईजीएफआरचा बिघाड कुणात आहे हे तपासून रुग्ण घेतले नव्हते. तो बिघाड ओळखला गेला तोच मुळी २००४ साली. पुढे २००९ मध्ये आशियातल्या अभ्यासानं स्पष्ट केलं की बिघाड असलेल्यांना गोळी केमोपेक्षा सरस, आणि नसलेल्यांना केमोच बरी, तिथं गोळी देणं म्हणजे वेळ घालवणं. तेव्हा अमक्याच्या पाहुण्याला ही गोळी लागू पडली म्हणून आपणही सुरू करू, हा व्हॉट्सॲपवरचा सल्ला थेट जिवावर बेतू शकतो. तुकड्याची जनुकीय तपासणी आधी, गोळी नंतर. तुकडा पुरेसा नसेल तर रक्तावरूनही ही तपासणी होते, तेही डॉक्टरांना विचारावं.

आता याची किंमत. टाटाच्या त्याच अभ्यासात नुसत्या गोळीवर गंभीर त्रास झालेले सुमारे २५ टक्के होते, दोन्ही उपचारांत ५१ टक्के. पांढऱ्या पेशी घटणं, रक्त कमी होणं हे त्रास केमोचे. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा तापसुद्धा काही तासांत जीवघेणा होऊ शकतो. अशा वेळी गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन घेऊन वाट बघत बसणं परवडत नाही. शंभराच्या वर ताप गेला की थेट रक्ताची तपासणी आणि शिरेतून अँटिबायोटिक जिथं मिळेल तिथं न्यावं लागतं. भूमच्या डोंगराकडच्या वाडीवरून रात्री अकराला हे कसं करायचं, हा प्रश्न कुठल्याही अभ्यासाच्या तक्त्यात येत नाही. (जाता जाता : गेफिटिनिब चालू असताना मेडिकलवरून ॲसिडिटीची गोळी आपल्या मनानं घेऊ नये. पोटातली आम्लता कमी झाली की ती अंगी कमी लागते.)

दुसरी किंमत फेऱ्यांची. केमो दर २१ दिवसांनी. पहिल्या चार वेळा दोन्ही औषधं, पुढे आजार आटोक्यात आहे तोवर एकटं पेमेट्रेक्सेड. सोळा महिन्यांचा हिशेब केला तर साधारण २३ फेऱ्या होतात. लातूर-मुंबई गाडीनं जायला रात्र, दवाखान्यात दिवस, यायला रात्र. कॅन्सर रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीला पूर्ण सवलत आहे, सोबत्याला त्याच डब्यांत ७५ टक्के. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. म्हणजे कागदावर तिकीट आणि औषध दोन्ही सुटतात. सुटत नाही ती सोबत जाणाऱ्याची मजुरी, दावणीच्या जनावरांची धार आणि सोयाबीन काढणीच्या ऐन आठवड्यात आलेली तारीख. मग एक फेरी चुकते, दुसरी लांबते. आणि फेऱ्या चुकवणाऱ्या रुग्णाला १६ महिन्यांचा आकडा लागू होईल, असं कुणी सांगू शकत नाही.

यातली खरी बोच अशी की पेमेट्रेक्सेड शिरेतून द्यायला अवघी दहा मिनिटं लागतात. दहा मिनिटांच्या सलाईनसाठी जाऊन-येऊन आठ-नऊशे किलोमीटर. उपचार काय द्यायचा हे ठरवायला मुंबई लागते, मान्य. पण ठरलेलं औषध दर तीन आठवड्यांनी चढवायला मुंबईच कशाला? त्यासोबत लागणारं बी-१२ चं इंजेक्शन आणि फॉलिक ॲसिडची गोळी तर प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा देता येण्यासारखी आहे.

केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं, त्यातली २०० त्याच वर्षी, अशी घोषणा आहे. आपल्या लोकांच्या दृष्टीनं ही घोषणा औषधाच्या सवलतीपेक्षा मोठी आहे. अट एवढीच की केंद्र म्हणजे चार खाटा आणि फलक नव्हे. औषध सुरक्षितपणे मिसळणारा प्रशिक्षित माणूस, त्याच दिवशी रक्ताचा रिपोर्ट आणि मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोलू शकणारा एक फिजिशियन, हे तिन्ही असेल तरच त्याला केंद्र म्हणावं. शेजारी बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. परंडा आणि भूमच्या पश्चिम भागातल्या रुग्णांनी पुढची केमो तिथं घेता येईल का, हे मुंबईतच विचारून लेखी चिठ्ठी आणावी. कित्येक जण संकोचानं विचारतच नाहीत.

दरम्यान औषधही पुढे सरकलं आहे. गेफिटिनिबच्या पुढच्या पिढीची ओसिमर्टिनिब ही गोळी केमोसोबत दिली तर रुग्ण मध्यमान ४७.५ महिने जगले, नुसत्या गोळीवर ३७.६ महिने, असा आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. केंद्रानं २०२४ मध्ये या गोळीवरची कस्टम ड्युटी काढली, पाठोपाठ कॅन्सरच्या औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. तरी ती जेनेरिक गेफिटिनिबच्या कितीतरी पट महाग आहे. थोडक्यात, टाटाच्या स्वस्त जोडीचं महत्त्व आपल्याकडे अजून संपलेलं नाही.

सत्तरीची, एकटी राहणारी, आधीच अंथरुणाला टेकलेली आजी असेल तर नुसत्या गोळीवर राहण्यात कमीपणा नाही. तिला २३ फेऱ्या करायला लावणं हा उपचार नव्हे. पण पंचेचाळिशीची, हिंडती-फिरती बाई, घरात लेकरं शिकत असलेली, तिच्यासाठी आठ महिन्यांचे सोळा होणं म्हणजे थोरलीची बारावी डोळ्यांनी बघणं असू शकतं. हा उपचार मुळासकट बरं करणारा नाही, हे दोन्ही घरांना आधी स्पष्ट सांगायला हवं. त्यानंतर निवड त्यांची. आज मात्र निवड करते ती रेल्वे स्टेशनपासूनची वाट आणि घरात रिकामा असलेला माणूस.