परतीचा प्रवास आणि झोपेची उधारी

सेलसुऱ्याच्या पुलावरून जाताना आजही अनेकांना २४ जानेवारी २०२२ ची रात्र आठवते. देवळीकडून वर्ध्याकडे येणारी मोटार पुलावरून खाली कोसळली आणि सावंगी मेघे येथे वैद्यकीय शिक्षण घेणारे सात तरुण मृत्युमुखी पडले. तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले असतील. अपघाताच्या कारणांविषयी बरेच तर्क झाले. पण सहलीला निघणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा : इतक्या रात्री परत येणे खरोखर गरजेचे आहे का?

अलीकडे या प्रश्नात भाड्याच्या गाडीची भर पडली आहे. नागपुरातून गाडी घ्यायची, स्वतः चालवत चिखलदरा, ताडोबा किंवा थेट गोवा गाठायचा, हे आता सर्रास झाले आहे. अशा गाडीचे भाडे तासांवर किंवा दिवसांवर चालते. ठरलेली वेळ टळली की जादा पैसे. मग दिवसभर फिरून झाल्यावर ‘रात्रीच निघू, सकाळपर्यंत गाडी परत करू’ असे ठरते. एका दिवसाचे भाडे वाचते. धोका मात्र अनेक पटींनी वाढतो.

याचे कारण शरीरात आहे. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधता रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे ५ ला उठून सहलीला निघालेला, दारूचा थेंबही न घेतलेला चालक रात्री १० वाजता एका अर्थाने ‘प्यायलेला’च असतो. त्याला पकडणारे यंत्र मात्र पोलिसांकडे नसते.

मेंदूतील घड्याळ सुट्टी घेत नाही. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत आणि दुपारी जेवणानंतर ते झोपेकडे ओढतेच. अशा वेळी डोळे उघडे असूनही मेंदू तीन-चार सेकंद झोपतो. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. या वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. तीन सेकंदांची डुलकी म्हणजे १०० मीटर चालकाविना प्रवास. सरळ, एकसुरी रस्ता ही डुलकी अधिकच सोपी करतो. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे याने काही मिनिटे बरे वाटते, झोप जात नाही. सुरक्षित जागी थांबून चहा किंवा कॉफी घ्यावी आणि लगेच १५-२० मिनिटे डोळे मिटावेत. कॅफीनचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो. हाही तात्पुरता उपाय. उतारा एकच, पुरेशी झोप.

त्यात गाडी अनोळखी. ब्रेक किती दाबल्यावर लागतो, दिव्यांचा खटका कुठे, आरशात किती दिसते हे हाताला आणि पायाला माहीत नसते. घरच्या गाडीत या गोष्टी विचार न करता होतात. भाड्याच्या गाडीत त्या प्रत्येकीसाठी लक्ष खर्च होते. थकलेल्या मेंदूकडे तेवढे शिल्लक नसते. म्हणून ताबा घेताच अर्धा तास दिवसाउजेडी गावातच गाडी चालवून पाहावी. टायरवरील चार आकडे वाचावेत. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. नंबर प्लेट काळी आणि अक्षरे पिवळी आहेत ना, तेही पाहावे. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने घेतली, तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते.

चिखलदऱ्याचा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकू नये. खालच्या गिअरमध्ये इंजिनच वेग आवरते. सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होऊ शकतात. अंधार पडल्यावर रोही किंवा रानडुक्कर अचानक आडवे येते, तेव्हा स्टिअरिंग झटक्याने वळवण्याऐवजी सरळ रेषेत ब्रेक दाबणे बहुधा कमी घातक ठरते. मागे बसलेल्यांनीही पट्टा लावावा. बांधून न घेतलेला माणूस धडकेत पुढच्या आसनावर फेकला जातो आणि स्वतःबरोबर पुढच्यालाही जखमी करतो.

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. यातील प्रत्येक मृत्यू चालकाच्या हातात नव्हता. पण परतीची वेळ बहुतेकदा आपल्याच हातात असते. गाडी ठरवतानाच एक दिवस जादा धरावा, दर दोन तासांनी थांबावे, रात्री १० नंतर मुक्काम करावा, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवावे. कारण थकल्यावर असा निर्णय घेण्याइतका मेंदू शाबूत राहत नाही. घरच्यांनीही ‘कधी पोहोचता?’ असे फोनवर विचारत घाई करू नये. ‘आज थांबा, उद्या या’ एवढे सांगणे पुरेसे आहे.