नाथसागराचे ओसरते पाणी

नाथसागराच्या फुगवट्यावरील मासेमारीला खरा जोर येतो तो होळीनंतर, पाणी मागे हटू लागले म्हणजे, आणि हे काम एकट्यादुकट्याचे नसून सबंध घराचे असते, ही गोष्ट अहिल्यानगर जिल्ह्यात शेवगाव व नेवासे तालुक्यांच्या बाहेर फारशी कोणाच्या ध्यानात नसते. पैठणजवळ गोदावरी अडवून उभारलेल्या आणि १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय सुमारे १०२ टीएमसीचा, म्हणजे १०२ अब्ज घनफूट पाणी मावेल एवढा, असला तरी तो पसरट आणि उथळ आहे. त्यामुळे शेतीची आवर्तने सुटू लागली आणि उन्हाने बाष्पीभवन वाढले की त्याचा काठ भराभर आत सरकतो, मोकळ्या झालेल्या जमिनीत गाळपेर, म्हणजे ओलीवरची शेती, होते आणि उरलेल्या पाण्यात मासा दाटतो.

पहाटे जाळी उचलण्याचे काम बहुधा पुरुष करतात, परंतु मालाचा भाव ठरतो तो काठावर, जाळ्यातून मासे सोडवणाऱ्या बायकांच्या हातात. मासा जाळ्याच्या आसात, म्हणजे विणीच्या चौकोनात, कल्ल्यांपाशी अडकलेला असतो. त्याला ओढून काढला तर कल्ला फाटतो, रक्त वाहते आणि मासा लवकर उतरतो, म्हणून कल्ल्याचे झाकण बोटाने दाबून धरून त्यावरून तंगुसाचा धागा अलगद सरकवावा लागतो. हे कसब मुलांना काठावर बसूनच येते, आणि तरीही मच्छीमार म्हणून नाव लागते ते केवळ होडीतल्या माणसाचे, हा अन्याय आहे.

जाळ्यात येणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मूळचे उत्तरेकडील नद्यांचे असून साचलेल्या पाण्यात ते सहसा वीत नाहीत, त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून जलाशयात त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्ले, सोडावी लागतात. शिवडा मात्र गोदावरीचा स्वतःचा. लांब मिशांचा, रुंद जबड्याचा आणि अंधार पडल्यावर शिकारीला निघणारा हा मासा गळाला लागावा म्हणून जिवंत आमिष लावून रात्री वाट पाहावी लागते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मोठ्या तळ्यांवर याच तऱ्हेने संधिप्रकाशात वॉलआय नावाचा मासा धरतात. त्याच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असल्यामुळे त्याला अंधुक उजेडातही भक्ष्य दिसते.

दोन्हीकडच्या ऋतुचक्रात मात्र महत्त्वाचा फरक आहे. बर्फ वितळताच वॉलआय अंडी घालतो आणि ते उरकल्यावर, मेच्या मध्यास, तिकडे मासेमारी खुली होते. म्हणजे तिथला उन्हाळ्याचा आरंभ हा विणीनंतरचा काळ असतो. आपल्याकडे वीण मृगाच्या पावसाबरोबर येते, त्यामुळे मार्चमधला मासा निर्धास्तपणे धरावा, परंतु मेअखेरीस जाळ्यात येणाऱ्या पुष्कळ माद्यांच्या पोटात गाभोळी भरलेली असते. पहिल्या पुराबरोबर ओढ्यांत चढणीचे मासे वर निघतात, त्या वेळी तोंडाशीच जाळे लावणे म्हणजे पुढच्या अनेक हंगामांचा मासा एका रात्रीत काढून घेणे होय. शिवडा तर जागतिक पातळीवर असुरक्षित ठरलेल्या जातींत मोडतो, आणि हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा इथल्या माशावर माणसाखेरीज पाखरांचाही हक्क आहे.

राज्याच्या सागरी क्षेत्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, ती माशांच्या विणीला वाव मिळावा म्हणूनही. नाथसागराच्या काठच्या घरांनीही मृगाआधी जाळी गुंडाळून ठेवावी अशी अपेक्षा रास्त आहे, पण ज्यांच्यापाशी गाळपेराचा तुकडाही नाही अशा घरांची त्या दोन महिन्यांतली चूल कशावर पेटणार, हे बंदीचा आदेश काढण्याआधी ठरले पाहिजे, आणि ते ठरवताना मासे सोडवणाऱ्या बायकांची नावेही यादीत आली पाहिजेत.