‘बाप कोण?’ हा प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला?

रक्ताच्या नात्याचे रहस्य हा आपल्याकडच्या कादंबऱ्यांचा, सिनेमांचा आणि रोज रात्रीच्या मालिकांचा हुकमी मसाला आहे. पेटीत दडवलेले पत्र, दवाखान्यात बदललेले मूल आणि शेवटी डीएनए अहवालाचा लिफाफा! बार्शीटाकळीतही लोक ताटे वाढून हा लिफाफा फुटण्याची वाट पाहतात. करमणुकीला आमची हरकत नाही. पण माणसाची खरी ओळख त्याच्या जन्मातच असते, हा विचार अशा बहुतेक कथांच्या पोटात दडलेला असतो. तो तपासलाच पाहिजे.

कर्णाचेच बघा. सूताच्या घरी वाढला म्हणून त्याची भर लोकांत अवहेलना झाली. ‘मृत्युंजय’ वाचून मराठी वाचक हळहळला. पण कशासाठी? कुंतीचा मुलगा असूनही सूतपुत्र ठरला म्हणून! तो खरोखरच अधिरथ आणि राधेचा मुलगा असता, तर ती अवहेलना योग्य ठरली असती काय? छांदोग्य उपनिषदातला सत्यकाम गुरूला आपले गोत्र ठाऊक नसल्याचे सरळ सांगतो. गुरू म्हणतो, इतके खरे ब्राह्मणच बोलू शकतो. म्हणजे खरे बोलण्याचे श्रेयसुद्धा जन्माच्याच खात्यात जमा! याउलट १९५१ च्या ‘आवारा’त चोराचा मुलगा चोरच होणार असे मानणाऱ्या न्यायाधीशाचा स्वतःचा मुलगाच चोर होतो, कारण त्याने संशयावरून बायकोला घराबाहेर काढलेले असते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेने हेच रहस्य जन्मवादाच्या विरोधात वापरले. जन्माने कोणी नीच होत नाही, कर्माने होतो, हे तर तथागतांनी वसल सुत्तात अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितले आहे.

पडद्यावरचा हा लिफाफा आता कोर्टात येऊन पोहोचला आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ११२ सांगत होते की, वैध विवाह कायम असताना जन्मलेले मूल त्या नवऱ्याचेच. नवरा-बायकोचा संबंध येणे शक्यच नव्हते, हे सिद्ध झाले तरच अपवाद. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आहे. मुलाच्या कपाळी कलंक लागू नये, हा तिचा हेतू.

पण २०१४ साली विदर्भातल्याच एका पोटगीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनएचा पुरावा या गृहीतकापेक्षा वरचढ मानला. खालच्या कोर्टाने त्या मुलीला महिना ५०० रुपये मंजूर केले होते. नागपूर आणि हैदराबाद अशा दोन प्रयोगशाळांचे अहवाल विरुद्ध गेले आणि तिची पोटगी थांबली. दिलेली रक्कम वसूल करू नये, एवढाच दिलासा मिळाला. पुढे २०२३ साली पुण्याच्या एका घटस्फोटाच्या प्रकरणात याच न्यायालयाने बजावले की, आई-बापाच्या भांडणात मुलाची डीएनए चाचणी ऊठसूट करता येणार नाही. ही दिशा आम्हाला योग्य वाटते.

कोणी म्हणेल, मग सत्य दडपायचे काय? मुळीच नाही. नारायण दत्त तिवारी यांच्या प्रकरणात मुलगा स्वतः कोर्टात गेला आणि २०१२ साली डीएनए अहवालाने त्याचे म्हणणे खरे ठरवले. तिथे प्रश्न मुलाचा होता आणि विचारणाराही तोच होता. आपले मूळ शोधण्याचा अधिकार मुलाचा आहे. पोटगी चुकवायला नवऱ्याच्या हाती द्यायचे ते हत्यार नव्हे. ज्याची खरोखर फसवणूक झाली, त्याला संबंध नव्हता हे पुराव्याने सिद्ध करण्याची वाट कायद्याने मोकळी ठेवली आहेच.

समाजबांधवांनो, हे दुसऱ्यांनाच सांगून भागणार नाही. घरात बुद्धवंदना घेणारा माणूसही कोर्टात बायकोच्या चारित्र्यावर बोट ठेवतो आणि ‘मूल माझे नाही’ असे लिहून देतो. ही मनूचीच भाषा आहे! आईच्या शुद्धतेवर लेकराची किंमत ठरवायची आणि जन्मावर माणसाची, या दोन्ही गोष्टी एकाच मुळाच्या आहेत.

बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात दत्तकासाठी एकाच जातीची अट ठेवली नव्हती. ते बिल रखडवले गेले आणि त्यांनी १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तरी १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्यात ती अट परत आली नाही. बौद्धांनाही लागू असलेल्या या कायद्यात दत्तक मूल सर्व अर्थाने त्याच घराचे होते. नाते रक्ताने नव्हे, जबाबदारी घेतल्याने बनते, हाच त्याचा अर्थ.

म्हणून मालिका खुशाल बघा. पण गावात एखाद्या टाकलेल्या बाईच्या लेकराकडे बोट दाखवून कोणी ‘याचा बाप कोण?’ असे कुजबुजले, तर तिथेच त्याला गप्प करा. वकिलाने सुचवले तरी संशयाच्या जोरावर लेकराचे रक्त तपासायला मागू नका. आणि पोटगीचा अर्ज घेऊन निघालेल्या भगिनीसोबत विहारातली चार माणसे कोर्टापर्यंत जाऊ द्या.