झाकली मूठ कोणाची?

तुळिंजच्या पेठेतील मोठ्या व्यापाऱ्यास आपल्या उलाढालीचा पैन्‌पैचा हिशेब सरकारास द्यावा लागतो. परंतु त्याच तुळिंजच्या आसपास कोणती इमारत उठावी व कोणती पडावी हे ज्यांच्या लेखणीवर अवलंबून, त्या अधिकाऱ्यांच्या मिळकतीचा हिशेब पाहण्याची सोय लोकांस नाही. हा न्याय कोणता?

प्रश्न नुसत्या तर्काचा नाही. शेजारच्या अग्रवाल नगरीत, सांडपाणी शुद्धीकरण व कचराभूमी यांकरिता राखलेल्या जागेवर ४१ अनधिकृत इमारती उठल्या. उच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी त्या पाडण्याचा हुकूम केला, २० फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या जमीनदोस्त झाल्या, आणि रक्ताचे पाणी करून घरे घेणारी कुटुंबे रस्त्यावर आली. पुढे मे २०२५ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने झडत्या घेतल्या, तेव्हा महापालिकेच्या नगररचना उपसंचालकांकडे ८ कोटी ६० लक्ष रुपये रोख व २३ कोटी २५ लक्षांचे दागिने आणि सोनेचांदी सापडल्याचे त्या खात्याने जाहीर केले. दोषादोष ठरविणे न्यायासनाचे काम. ते आम्ही हाती घेत नाही. आम्ही इतकेच विचारतो की, घरे आधी पडली व झडती मागून झाली, हा क्रम उलटा का नसावा?

कायदा नाही असे नव्हे. महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम, १९७९ यांतील १९ व्या नियमान्वये शासकीय नोकरास मालमत्तेचे विवरण द्यावेच लागते. पण ते कपाटात पडते. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०१२ रोजी गिरीश देशपांडे यांच्या प्रकरणात अशी विवरणे खाजगी माहिती ठरविली. व्यापक लोकहित दाखविल्यास अपवादाची मुभा त्याच कलमात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते कलमही आखूड झाले. कलम ८(२) ची वाट उरली आहे खरी, पण तेथे लोकहिताचे पारडे जड आहे हे अर्जदाराने पटवून द्यावयाचे. विवरण पाहिल्यावाचून ते पटवावे कसे?

निवडणुकीच्या उमेदवारांची गोष्ट पाहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे त्यांची प्रतिज्ञापत्रे खुली झाली. म्हणूनच फिसमन, शुल्झ व विग या विद्वानांस ती ताडून पाहता आली, आणि निवडून आलेल्यांची संपत्ती थोडक्यात पराभूत झालेल्यांपेक्षा दरसाल ३ ते ५ टक्के अधिक वेगाने वाढते, असे त्यांनी २०१४ मध्ये दाखविले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७५ देशांच्या दुसऱ्या अभ्यासाचा निष्कर्षही लक्षात घेण्याजोगा आहे: विवरण लोकांपुढे येते तेथे कारभार अधिक स्वच्छ आढळतो; नुसते आतल्या आत दिल्याने तसा फरक दिसत नाही.

तेव्हा आमचे मागणे दुहेरी आहे. घरचा पत्ता व मुलांची नावे वगळून विवरणे प्रसिद्ध करावीत. आणि ती वर्षानुवर्षे ताडून पाहण्यासाठी राज्याने विद्यापीठांस स्वतंत्र अनुदान द्यावे. जो रोजमेळ कोणी ताळून पाहात नाही तो लिहिला काय अन् न लिहिला काय, हे व्यापाऱ्यांस आम्ही सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी मे २०२५ मध्ये आपली विवरणे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. न्यायासनावर बसणाऱ्यांस ज्याचा संकोच वाटला नाही, त्याचा बांधकामाचे परवाने देणाऱ्यांस का वाटावा? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. आमच्या तालुक्यात ती किती कोटींची, हे लोकांस घरे पडण्यापूर्वी कळले पाहिजे.