‘पालेभाजी खा’ एवढ्यानं भागत नाही

पोटात काय गेलं याबद्दल बोलायला आपल्या मराठी माणसाला कधी संकोच वाटत नाही. कुणाच्या लग्नात जिलबी किती कडक होती, पुरणपोळीवर तूप किती वाढलं, हे तो गाडीत शेजारी बसलेल्या परक्या माणसालाही सांगेल. त्याच्या पुढच्या प्रवासाचा विषय निघाला की मात्र सारं घर गप्प. एस.टी. स्टँडच्या भिंतींवर आणि रेल्वेरुळांलगतच्या कुंपणांवर निरनिराळ्या चूर्णांच्या जाहिराती रंगवलेल्या मी लहानपणापासून पाहत आले. म्हणजे गिऱ्हाईक भरपूर असणार. पण ते गिऱ्हाईक आपण, असं कुणी कबूल करत नाही. २०१५ साली ‘पिकू’ चित्रपटात अमिताभ बच्चन यांनी बद्धकोष्ठापायी घर डोक्यावर घेणारा म्हातारा रंगवला, तेव्हा थिएटरात माणसं खो-खो हसली. त्यांतली किती घरी जाऊन इसबगोलाचा डबा उघडणार आहेत, याचा अंदाज मी मनातल्या मनात बांधत होते. बँकेतली सवय, दुसरं काय!

मला स्वतःला हा विकार गेली पंचवीस-सव्वीस वर्षं सोबत करतो आहे. तेव्हा हा लेख तज्ज्ञाचा नसून एका जुन्या खातेदाराचा आहे असं समजावं.

साधं बद्धकोष्ठ वेगळं आणि हे वेगळं. डॉक्टर याला ‘इरिटेबल बाऊल सिंड्रोम’ म्हणतात. मी ‘चिडकं आतडं’ म्हणते. यात पोट दुखतं, फुगतं, आणि त्या दुखण्याचा शौचाशी संबंध असतो. कुणाला जुलाब, कुणाला बद्धकोष्ठ, कुणाला आलटून-पालटून दोन्ही. २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवलेल्या ‘रोम’ निकषांनुसार गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी हे दुखणं असावं लागतं आणि सुरुवात सहा महिन्यांपूर्वी झालेली असावी लागते. मलाचं स्वरूप कसं, हे ठरवायलाही ‘ब्रिस्टल’ नावाचा सात प्रकारांचा तक्ता १९९७ पासून प्रसिद्ध आहे. त्यातल्या पहिल्या प्रकाराला आपल्या आज्यांनी ‘शेळीच्या लेंड्या’ हा शब्द केव्हाच देऊन ठेवलेला होता.

या दुखण्याची खरी पंचाईत अशी, की तपासण्या चांगल्या येतात. रक्त ठीक, सोनोग्राफी ठीक, दुर्बीण घालून पाहिलं तरी आतडं निरोगी. मग घरातले म्हणतात, ‘मनाचे खेळ आहेत, काही झालेलं नाही तुला.’ वस्तुस्थिती अशी आहे की अशा माणसाच्या आतड्यातल्या संवेदना अधिक तीव्र असतात. इतरांना जो वायू जाणवतही नाही, त्यानं याला कळ येते. मेंदू आणि आतडं यांच्यातला निरोपांचा व्यवहार बिघडलेला असतो. ताणानं तो आणखी बिघडतो हे खरं, पण म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

आता उपाय. तो सगळ्यांना ठाऊक असतो. ‘पालेभाजी खा, फळं खा, कोंडा न काढलेल्या कणकेची पोळी खा.’ शेजारीण सांगते, जावई सांगतो, बागेत फिरायला येणारे निवृत्त गृहस्थ सांगतात, आणि डॉक्टरही औषधाच्या कागदाखाली तीच ओळ लिहून पुढच्या रुग्णाला आत बोलावतात. माझी तक्रार या सल्ल्याबद्दल नाही, तो अर्ध्यावर सोडून दिला जातो याबद्दल आहे. कोणती भाजी, किती, शिजवलेली की कच्ची, आजपासून एकदम की हळूहळू? चिडक्या आतड्याच्या माणसाला या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली नाहीत, तर याच सल्ल्यानं त्याचं पोट ढोलासारखं होतं, आणि वर ‘तू नीट पथ्य पाळत नाहीस’ हे ऐकून घ्यावं लागतं.

चोथ्याचं हे माहात्म्य आलं कुठून? डेनिस बर्किट नावाचे आयरिश शल्यचिकित्सक युगांडात अनेक वर्षं काम करत होते. तिथल्या खेड्यांतली चोथायुक्त अन्न खाणारी माणसं आणि मैदा-साखरेवर पोसलेले इंग्रज यांच्या पोटांत त्यांना जमीन-अस्मानाचा फरक दिसला. १९७०च्या दशकात त्यांनी चोथ्याचा प्रचार सुरू केला आणि गव्हाचा कोंडा युरोपच्या न्याहारीत जाऊन बसला. पुढे चिडक्या आतड्याच्या रुग्णांनाही डोळे मिटून कोंडा दिला जाऊ लागला. १९९४ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी अशा शंभर रुग्णांना विचारलं, तर पंचावन्न जणांनी कोंड्यानं त्रास वाढला असं सांगितलं. बरं वाटलं असं म्हणणारे अवघे दहा! २००९ साली हॉलंडमध्ये २७५ रुग्णांवर रीतसर प्रयोग झाला. काहींना दिवसाला १० ग्रॅम इसबगोल, काहींना तितकाच कोंडा, काहींना नुसतं तांदळाचं पीठ. इसबगोलाचा उपयोग झाला, कोंड्याचा विशेष झाला नाही, आणि तो पुष्कळांनी मध्येच सोडला.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सगळा चोथा एका जातीचा नसतो. कोंड्याचा चोथा खरखरीत, पाण्यात न विरघळणारा. इसबगोल पाण्यात फुगतं, त्याचा बुळबुळीत गोळा होतो, तो पाणी धरून ठेवतो आणि आतड्यातल्या जंतूंच्या तावडीत सहजासहजी सापडत नाही, म्हणून वायू कमी. गंमत अशी की हे इसबगोल पिकतं आपल्या शेजारी, गुजरात-राजस्थानात, उंझा-सिद्धपूर भागातून जगभर जातं, अमेरिकेत फळांच्या स्वादाच्या रंगीत डब्यांतून विकलं जातं, आणि आपल्याकडे ते म्हाताऱ्यांचं औषध म्हणून कपाटाच्या मागच्या फळीवर. घेताना भरपूर पाणी हवं आणि कालवल्यावर लगेच प्यायला हवं, एवढं मात्र सांभाळायचं. कोरडं गिळायला गेलं तर घशात अडकतं.

फळं-भाज्यांची गोष्ट याहून गुंतागुंतीची. त्यांत चोथ्याबरोबर काही साखरा असतात, ज्या लहान आतड्यात पुरत्या शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात पोचल्यावर जंतू त्यांच्यावर ताव मारतात, आणि वायू होतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास या साखरांना ‘फॉडमॅप’ असं जोडनाव दिलं. सफरचंद, नासपती, आंबा, कलिंगड, सीताफळ ही त्यात वरच्या पायरीवर. उलट पपई, संत्री, मोसंबी आणि पिकलेला पेरू बहुतेकांना सोसतो. कच्चा, करकरीत पेरू मीठ-तिखट लावून खाण्याचा मोह ज्यांना आवरत नाही, त्यांनी आपल्या पोटाशी स्वतंत्र करार करावा. केळं पूर्ण पिकून डाग पडेपर्यंत ठेवलं की त्यातल्या या साखरा वाढतात. आणि सुके अंजीर, जर्दाळू, प्रून यांचं म्हणाल तर त्यांनी पोट साफ होतं हे खरंच, पण ज्या साखरेमुळे साफ होतं तिच्यामुळेच फुगतंही. साध्या बद्धकोष्ठाला जे अमृत, ते चिडक्या आतड्याला बेतानंच.

भाज्यांत मुख्य आरोपी कांदा आणि लसूण. हे वाचून अनेक घरांत निषेध होईल याची मला कल्पना आहे. आपल्याकडे आषाढात कांदेनवमीला पोटभर कांदाभजी खाऊन चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करण्याची रीत होती. ती धर्मासाठी होती, पोटासाठी नव्हे. पण कुणाचं पोट त्या चार महिन्यांत हलकं राहत असेल, तर त्याला आपल्या दुखण्याचा धागा आयता सापडला म्हणायचा. (त्याच चातुर्मासातल्या साबुदाण्याच्या खिचडीनं तो पुन्हा हरवतो. साबुदाण्यात चोथा जवळपास नाहीच, आणि एकादशी दुप्पट खाशी!) लसणाचा वास ज्यांना सुटत नाही त्यांच्यासाठी एक उपाय आहे. पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात. त्रासदायक साखर तेलात उतरत नाही, स्वाद उतरतो. फ्लॉवर, वाटाणा, राजमा, छोले यांच्या वाटेला जपून जावं. शिजवलेला दुधी, गाजर, पालकाची पातळ भाजी बहुतेकांना मानवते. शिजवल्यानं चोथा मऊ होतो, म्हणून डॉक्टरांनी भाज्या वाढवायला सांगितल्या की लगेच परातभर कच्ची कोशिंबीर घेऊन बसू नये. दुधीचा रस पिणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, आधी तुकडा चाखून पाहा. कडू दुधी विषारी असतो आणि त्याच्या रसानं माणसं दगावलेली आहेत.

मात्र ही यादी कापून फ्रिजवर चिकटवू नका. कमी ‘फॉडमॅप’चा आहार हा दोन ते सहा आठवड्यांचा प्रयोग आहे. नंतर एकेक पदार्थ परत आणून आपल्याला कोणता बाधतो ते शोधायचं असतं, आणि तेही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. सगळंच कायमचं बंद केलं तर चोथा कमी पडून बद्धकोष्ठ बळावतं. मी आवक-जावक नोंदवहीसारखी एक वही ठेवते. डावीकडे खाल्लेलं, उजवीकडे झालेलं. घरात तिची थट्टा होते, पण महिनाभरात ती जे सांगते ते कुठलीही तपासणी सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते, बटाट्यासारखे कंद त्यात धरत नाही. तिथवर पोचायचं ते दर आठवड्याला एखादी वाटी वाढवत, आणि पाणी वाढवत.

हल्ली किवीचं कौतुक फार चाललंय. न्यूझीलंड, इटली आणि जपानमध्ये झालेला एक प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. रोज दोन हिरव्या किवी खाणाऱ्यांना इसबगोल घेणाऱ्यांइतका, काही बाबतींत जास्तच आराम पडला, आणि त्यात चिडक्या आतड्याचे बद्धकोष्ठवालेही होते. प्रयोगाला पैसा किवी विकणाऱ्या कंपनीचा होता, हे कर्जाचे कागद तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसानं नोंदवून ठेवायलाच हवं. तरी प्रयोग खोटा ठरत नाही. परवडत असेल त्यानं खावी. न परवडणाऱ्यानं आपल्या दारच्या पपईकडे कमीपणानं पाहू नये.

एक गोष्ट मात्र थट्टेवारी नेऊ नये. माझ्या एका आतेबहिणीनं वर्षभर पपई आणि इसबगोल निष्ठेनं खाल्लं. रक्त जात होतं, ते मूळव्याधीचं म्हणून अंगावर काढलं. निघाला मोठ्या आतड्याचा कर्करोग. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलली, रक्त गेलं, वजन उतरलं, हिमोग्लोबिन घटलं, दुखण्यानं रात्री झोपमोड झाली, किंवा घराण्यात आतड्याचा कर्करोग असला, तर भाजीबाजाराआधी डॉक्टर गाठायचा. थायरॉईड तपासायचं. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही मलावरोध होतो, तेव्हा गोळ्यांची पिशवी सोबत न्यायची.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. भाज्या-फळं खा म्हणणाऱ्यांनी एकदा घरात डोकावून पाहावं. पालेभाजी निवडायला, धुवायला, चिरायला वेळ लागतो. मुंबईच्या लोकलच्या बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी घेऊन मेथी निवडणाऱ्या बाया पाहिल्या आहेत ना? ती मेथी घरी सगळ्यांच्या पानात पडते, आणि निवडणारीच्या वाटेला कढईच्या कडेला उरलेलं. फळांचंही तेच. मुलांना फोडी, सासऱ्यांना फोडी, हिला बाठा.

खाण्याइतकीच महत्त्वाची असते वेळ. सकाळी उठल्यावर आणि पोटात काही गेल्यावर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. हा शरीराचा नेम आहे. नेमक्या त्याच पाऊण तासात घरातल्या बाईला दोन डबे भरायचे असतात, नळ जायच्या आत पाणी भरायचं असतं आणि गाडी गाठायची असते. वाग्भटानं अष्टांगहृदयात जे तेरा वेग अडवू नयेत म्हणून सांगितलं, त्यांत मलवेगही आहे. आमच्याकडे तो अडवणं हा बाईच्या वळणाचा भाग समजला जातो. वारंवार अडवलं की आतड्याची हाक हळूहळू मंद होते, मग कितीही पालक खा.

मी १९८३ साली नोकरीला लागले. बदल्यांच्या गावांत शाखा पाहिल्या त्यांत निम्म्या ठिकाणी स्त्रियांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. एका शाखेत होतं, पण त्यात जुनी लेजरं रचून ठेवली होती आणि किल्ली साहेबांच्या खणात. ती मागायची म्हणजे सगळ्या काउंटरांसमोरून जायचं. आम्ही तिघीजणी दिवसभर पाणीच कमी प्यायचो. आज माझी भाची एका बँकेत आहे. शाखा वातानुकूलित, टोकन देणारं यंत्र आहे, ग्राहकांसाठी सोफा आहे. परवा तिला म्हटलं, इसबगोल घेतेस तर दिवसभर पाणी भरपूर पीत जा. ती म्हणाली, ‘मावशी, आमचं बाथरूम गेले चार महिने दुरुस्तीला आहे. आम्ही समोरच्या हॉटेलात जातो, आणि ते सोमवारी बंद असतं.’